आवडलं म्हणजे काय झालं?



आपल्या शिबिरांत ओळख करून घेताना एक प्रश्न हमखास येतो. आवडता पिक्चर कोणता, आवडतं पुस्तक कोणतं, अलीकडे तर आवडता पॉडकास्ट कोणता. पोरं धडाधड नावं घेतात. 'सैराट', 'फँड्री', 'बलुतं', तामिळमधला 'जयभीम'. टाळ्या पडतात, पुढचा उभा राहतो. का आवडलं, हे मात्र कुणी विचारीत नाही. विचारलंच तर 'भारी आहे ना यार' किंवा 'आपल्या माणसाचं आहे' इथंच गाडी थांबते.

मला हे पटत नाही. समीक्षा करावी प्राध्यापकांनी आणि मोर्चे काढावेत आपण, अशी एक वाटणी आपण मुकाट्यानं मान्य करून बसलोय. ही वाटणीसुद्धा गावगाड्यासारखीच आहे. कुणी काय करायचं ते आधीच ठरलेलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जळाली, पण ती जाळण्याआधी बाबासाहेबांनी ती ओळन्‌ ओळ वाचलेली होती. वाचणं, तपासणं आणि मग नाकारणं हा आपल्या चळवळीचा धर्म आहे. तो फक्त पोथ्यांपुरता का ठेवायचा? खिशातल्या मोबाइलवर रोज जे बघतो, ऐकतो, त्यालाही तो लावला पाहिजे.

म्हणून काहीही समोर आलं की मी तीन गोष्टी बघतो. बघणारा कुठं उभा आहे? ज्याच्याकडे तो बघतो त्याला माणूस म्हणून बघतो, की दयेची चीज म्हणून? आणि पिक्चर सुटल्यावर, पुस्तक मिटल्यावर ते माझ्याकडून काही मागतं, की मला रडवून मोकळं करतं आणि घरी पाठवतं?

मी पहूरचा. जळगावहून अजिंठ्याला जाणारा रस्ता आमच्या गावावरून जातो. लेण्यांच्या पायथ्याची वाघूर नदी पुढं आमच्याच गावाला लागून वाहते. गाड्या भरभरून माणसं बुद्धाची चित्रं बघायला जातात आणि पहूरला चहाला थांबतात. लेण्यांच्या भिंतीवर जातककथा रंगवल्यात, म्हणजे त्या काळचा पिक्चरच तो. सोळा नंबरच्या लेण्यात शिलालेख आहे. लेणं करवून घेणाऱ्या वराहदेवाचं नाव त्यात आहे, हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. छिन्नी चालवणाऱ्याचं, रंग कालवणाऱ्याचं नाव त्यात नाही. कला कुणाच्या हातून होते आणि कुणाच्या नावावर चढते, हा प्रश्न आमच्या गावावरून रोज गाडीत बसून जातो.

आता पिक्चरकडे येतो. १९३६ साली बॉम्बे टॉकीजनं 'अछूत कन्या' काढला. देविका राणी अस्पृश्य पोरगी, अशोककुमार ब्राह्मणाचा पोरगा. प्रेम जमतं आणि शेवटी पोरगी रेल्वेखाली मरते. त्याच १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांचं भाषण नाकारलं आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापून काढलं. एकीकडे जातीचा मुळापासून निकाल लावायची भाषा, दुसरीकडे पडद्यावर अस्पृश्य पोरीचा बळी. प्रेक्षकानं डोळे पुसायचे आणि जात जिथल्या तिथं.

पुढं १९५९ साली बिमल रॉयचा 'सुजाता' आला. नूतननं त्यात काम फार गोड केलंय, हे मी नाकारीत नाही. पण गोष्ट काय आहे? अस्पृश्याची अनाथ पोर ब्राह्मणाच्या घरात वाढते. ती घरातली आहे पण मुलगी नाही, 'मुलीसारखी' आहे. घरातली आई तिला आपली म्हणत नाही. केव्हा म्हणते? सुजाताचं रक्त देऊन तिचा जीव वाचतो तेव्हा. पोरगी जीव द्यायला निघते तिथंही तिच्या वाटेत गांधीजींचा पुतळा उभा केलेला. आणि हा पिक्चर कधीचा? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी धर्म बदलून झाल्यावर तीन वर्षांनी. लाखो माणसं 'आम्हाला तुमच्या घरात जागा नको, आमचं घर आम्ही बांधतो' म्हणून उठून गेली होती, आणि पिक्चर अजून विचारतोय की हिला घरात घ्यावं की न घ्यावं!

माणूस म्हणून मान्य व्हायला आधी रक्त द्यावं लागतं, ही 'सुजाता'ची अट आहे. ती अट मी मानीत नाही. ज्याचं रक्त जुळत नाही, जो गुणी नाही, गोरा नाही, गरीब गायीसारखा वागत नाही, तोही माणूसच आहे.

'फँड्री' मला याच्यासाठी आवडतो. नागराज मंजुळेचा हा पहिला मोठा पिक्चर. कैकाडी समाजातला जब्या, त्याला शाळेतली शालू आवडते. बाप कचरू गावाची डुकरं धरतो. जब्या काही रक्त देत नाही, कुणाचा जीव वाचवत नाही. त्याला नवी पँट पाहिजे, काळी चिमणी पाहिजे, शालूनं आपल्याकडे बघावं एवढं पाहिजे. म्हणजे तो साधा पोरगा आहे. साधं असायचा हक्कसुद्धा आपल्या पोरांना पडद्यावर मिळायला इतकी वर्षं लागली.

मेलेलं डुक्कर बांबूला टांगून ते घर शाळेच्या भिंतीजवळून जातं. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई रंगवलेत. तिथं संगीत नाही, भाषण नाही. भिंतीवरची माणसं बघतायत आणि खालून पोरगं डुक्कर वाहतंय. आपण जयंतीला भिंती रंगवतो त्या भिंतीखालून काय चाललंय, हे त्या एका दृश्यात विचारलंय. आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्याकडे. 'सुजाता' बघून प्रेक्षक स्वतःवर खूश होऊन बाहेर पडतो. 'फँड्री' बघून त्याला कपाळ चाचपावं लागतं.

तरी एक तक्रार आहे. शालूला या पिक्चरमध्ये जवळजवळ तोंडच नाही. ती दिसते, बघितली जाते, बोलत नाही. जब्याच्या जागेवरून बघायचं ठरलं हे खरं, पण पोरगी म्हणजे नुसती बघायची गोष्ट, हे आपल्या पोरांनी त्यातून उचलू नये.

'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला. त्याच वर्षी २८ एप्रिलला नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित पोराला मारून झाडाला लटकवलं. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढं कारण. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, साक्षीदार उलटले होते. पिक्चर आणि खून यात अडीच महिन्यांचं अंतर. ज्यांना 'फँड्री' फार भडक वाटला त्यांना मी ही तारीख सांगतो.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ चा. शंभर कोटींच्या वर जाणारा पहिला मराठी पिक्चर. ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी आर्ची मला आवडते. वर्गात शिकवणाऱ्या सरांच्या थोबाडीत पाटलाचं पोरगं मारतं, तो प्रसंग आवडतो म्हणणार नाही, पण तो खरा आहे. आणि शेवटी रक्तात भरलेली ती लहानगी पावलं, त्या वेळची शांतता. त्याला तोड नाही.

पण पुढं काय झालं बघा. आमच्या खान्देशात वराती निघाल्या आणि 'झिंगाट' वाजायला लागलं. पोरीनं जात ओलांडली तर तिचं काय करायचं हे ज्या घरात आधीच ठरलंय, त्या घरच्या वरातीतसुद्धा तेच गाणं. लोकांनी अर्धा पिक्चर घरी नेला, शेवट टॉकीजमध्येच सोडून दिला. एक मित्र म्हणतो, बाबा, करोडो लोकांपर्यंत तर गेला ना, 'फँड्री' किती जणांनी बघितला? त्याचं म्हणणं खोटं नाही. लोकांपर्यंत गेलंच पाहिजे. पण जे सगळ्यांना सारखंच आवडतं, मारणाऱ्याला आणि मरणाऱ्यालाही, त्याची मला जरा भीती वाटते. 'फँड्री' मारणाऱ्याला आवडणं कठीण आहे. म्हणून माझ्या यादीत तो वर.

आता कुणी म्हणेल, म्हणजे आपल्यातल्यानं काढलेलं तेच चांगलं काय? नाही. 'कोर्ट' बघा. चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ चा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. दिग्दर्शक आपल्या वस्तीतला नाही. पण त्यानं नारायण कांबळे या शाहिराला केविलवाणं केलेलं नाही. गटारात उतरणारा सफाई कामगार मरतो आणि शाहिराच्या गाण्यामुळं त्यानं आत्महत्या केली असा आरोप ठेवतात. कॅमेरा लांब उभा राहतो, हलत नाही. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, न्यायाधीश सहलीला जातात, सगळी साधी माणसं आहेत, आणि या साध्या माणसांच्या हातूनच शाहीर तुरुंगात सडतो. ती भूमिका केली वीरा साथीदार यांनी, नागपूरचे कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं ते गेले. दिग्दर्शकानं नटाला कार्यकर्ता बनवलं नाही, कार्यकर्त्यालाच समोर उभं केलं आणि आपण बाजूला सरकला. जन्मानं कोण आहे यापेक्षा कुठं उभा राहतो हे मी बघतो, ते यासाठी.

आणि उलट बाजूही आहे. पडद्यावर बाबासाहेबांची तसबीर दिसली की आपण शिट्ट्या मारतो. 'झुंड'मध्ये (२०२२) अमिताभ बच्चन त्या तसबिरीपुढे उभा राहिला तेव्हा मलाही बरं वाटलं. इतक्या वर्षांत हिंदी पडद्याला ती तसबीर दिसत नव्हती. पण तसबीर म्हणजे दाखला नव्हे. तसबीर लावून उद्या कुणीही काहीही विकील.

पुस्तकांचंही तसंच. 'बलुतं' आलं १९७८ साली. दया पवारांनी स्वतःलाच दोन केलं. दगडू पवार सांगतो, दया पवार ऐकतो. शिकलेला ऐकतोय आणि मागं राहिलेला बोलतोय, दोघं एकाच कातडीत. पु. ल. देशपांड्यांसारख्यांनी गौरव केला आणि आपल्यातले काही चिडले, घरातली घाण चव्हाट्यावर कशाला म्हणाले. मी म्हणतो, घाण कुणी केली ते सांगायला ती दाखवावीच लागते. आजही शहरात आडनाव बदलून, भाड्याच्या खोलीसाठी जात झाकून राहणारी आपली पोरं आहेत. त्यांच्या उशाला 'बलुतं' पाहिजे.

पण मला सगळ्यात जवळचं पुस्तक विचाराल तर मी बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' सांगीन. फलटणची बाई. छोटं दुकान चालवायची. पुड्या बांधायला रद्दी यायची, त्यातले कागद वाचत वाचत वाचायची गोडी लागली. दुकानातच लिहिलं आणि नवऱ्यापासून, घरापासून वीसेक वर्षं लपवून ठेवलं. १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते यायला लागलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. चळवळीच्या घरातल्या बाईला आपली वही लपवावी लागते, हे वाचून आपल्या पुढाऱ्यांना काही वाटलं का, कोण जाणे.

बेबीताई नुसतं स्वतःचं सांगत नाहीत, सगळ्या महारवाड्याचं सांगतात. सवर्णांनी काय केलं ते सांगतात आणि आपल्याच घरांत सुनांचं काय केलं तेही सांगतात. दोन्ही एकाच आवाजात. बाबासाहेबांवर त्यांची माया इतकी की शिकून साहेब झालेल्यांना त्या खडसावतात. ही बाई दुसऱ्याकडे बघते त्याच डोळ्यानं स्वतःकडे बघते. दलित साहित्याचं सौंदर्यशास्त्र कशाला म्हणावं यावर पुष्कळ परिसंवाद झडले. माझं सौंदर्यशास्त्र त्या रद्दीच्या कागदाएवढं आहे.

आता ऐकायचं. पॉडकास्ट म्हटलं की नवीन काही आल्यासारखं आपण बोलतो. अरे, आपली चळवळ वाचण्याच्या आधी ऐकूनच वाढली. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादांची गाणी, मग विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेटी. अक्षर न कळणाऱ्या आयांना बाबासाहेब कळले ते कानातून. विठ्ठलदादा गेले तेही २०१० मध्ये नागपुरात दीक्षाभूमीच्या मंचावर. आनंद पटवर्धनांचा 'जयभीम कॉम्रेड' मी आवडीत धरतो तो याचसाठी. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली, त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. तिथून सुरू करून चौदा वर्षं त्यांनी कॅमेरा वस्तीत ठेवला. वस्ती गाते आणि तो ऐकतो.

आता मोबाइलवरचे मराठी पॉडकास्ट घ्या. दोन-दोन तास गप्पा. काही चांगले आहेत, शेतीचं, कायद्याचं, आजाराचं कळतं. पण आपला माणूस तिथं कधी बोलावला जातो? कलेक्टर झाल्यावर. परदेशी शिष्यवृत्ती मिळाल्यावर. झोपडीत, दिव्याखाली, उपाशीपोटी अभ्यास करून. मग मुलाखत घेणारा गहिवरून म्हणतो, केवढा संघर्ष! 'प्रेरणादायी' असं वर लिहितात. जात हा शब्द येतो न येतो, 'बिकट परिस्थिती' मात्र दहादा येते. परिस्थिती कुणी बिकट केली हे विचारायचं राहून जातं.

मला तर ही 'सुजाता'च वाटते. तिनं रक्त दिलं, यानं मार्क दिले. पास झाला म्हणून माणसात आला. जो नापास झाला, जो पहूरच्या स्टँडवर हमाली करतो, ज्याला फुकटची झोपडी आणि फुकटचा दिवा तेवढा मिळाला, त्याच्यासमोर माईक कोण ठेवणार? 'दलित कॅमेरा'सारखं यूट्यूबवरचं काम मला म्हणून मोलाचं वाटतं. तिथं माणूस यशस्वी झाला की नाही हे न बघता त्याला बोलू दिलं जातं. चित्र हलतं, आवाज खरखरतो, चालेल.

शेवटी ज्या पिक्चरसाठी हे सगळं लिहायला बसलो त्याच्याकडे येतो. तो टॉकीजला लागला नाही. तो आमच्या जामनेर तालुक्यातच निघाला, जून २०१८ मध्ये, वाकडी गावात. मातंग समाजातली दोन लहान पोरं विहिरीत पोहली म्हणून त्यांना उघडं करून मारलं आणि ते मोबाइलवर चित्रित केलं. क्लिप देशभर फिरली. त्यात काय दिसतं हे मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर मीही दाखवणाऱ्यांतला एक होईन.

त्या क्लिपला माझे तीन प्रश्न लावा. कॅमेरा कुठं उभा आहे? मारणाऱ्याच्या बाजूला. पोरांकडे कसा बघतो? मजा म्हणून. बघणाऱ्याकडून काय मागतो? सुरुवातीला हसू मागत होता. मग तीच क्लिप आपल्या हातात आली आणि आपण ती संतापानं पुढं धाडली. संताप खरा होता, गुन्हा नोंदवायला त्याचा उपयोगही झाला. पण क्लिप तीच, कॅमेऱ्याची बाजू तीच. पोरांचे चेहरे गावोगाव गेले. राहुल गांधींनी ती टाकली तेव्हा मुलांची ओळख उघड झाली म्हणून राज्य बालहक्क आयोगानं त्यांना नोटीस काढली. त्या नोटिशीतलं राजकारण सोडा, पण मुद्दा आपल्यालाही लागू आहे. ती पोरं आता मोठी झाली. त्यांना कामावर ठेवणारा, पोरगी देणारा माणूस ती क्लिप बघून बसलाय. आपल्या संतापाची किंमत त्यांनी भरावी काय?

आणखी एक बोचरी गोष्ट. त्यातले मारणारे भटक्या-विमुक्तांतले असल्याचं तेव्हा बातम्यांत आलं. म्हणजे जब्याच्या नात्यातलेच म्हणा की. काही जणांनी लगेच हात झटकले, हा सवर्ण-दलित वाद नाहीच म्हणाले. जणू वरच्यानं मारलं तरच जात, खालच्यानं खालच्याला मारलं तर नुसतं भांडण. बाबासाहेबांनी जातीला उतरंड म्हटलं ते यासाठी. प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी आहे, म्हणून कुणी उतरंड मोडायला उठत नाही. 'फँड्री'ला टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या बौद्ध पोरांना मी विचारतो, अण्णाभाऊंच्या वाड्यात तुम्ही १ ऑगस्टला हार घालायला जाता, २ ऑगस्टला जाता काय? अण्णाभाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केला. त्याची परतफेड आपण काय केली?

तेव्हा आवडीची यादी करा, जरूर करा, पण प्रत्येक नावापुढे कारण लिहा. महिन्यातून एकदा समाजमंदिरात भिंतीवर पांढरी चादर टांगून पिक्चर लावा आणि संपल्यावर दिवे लावून तासभर भांडा. पोरींना आधी बोलू द्या. चादर एकदा आपल्या वस्तीत टांगा, एकदा मातंगवाड्यात, एकदा पारधी-कैकाड्यांच्या पालावर. ज्या आजीनं वामनदादांना प्रत्यक्ष ऐकलंय तिच्यासमोर मोबाइल ठेवा आणि गप्प बसा, तिला बोलू द्या. हा आपला पॉडकास्ट. आणि कुणाच्या अब्रूची क्लिप आली तर ती पोलिसांकडे आणि वकिलाकडे द्या, गटावर टाकू नका.

पुढच्या अंकात तुमच्या याद्या येऊ द्यात. माझ्याशी भांडणाऱ्या असतील तर आधी छापू. 'सैराट'वाल्यांनी तर जरूर लिहावं.

जयभीम.